टायटॅनियमला टाकी

वसतिगृहात चार वर्षे काढलेल्या कॅडेटच्या हाती ब्रासोची बाटली आणि जुन्या बनियनचा तुकडा पडला, की समोर दिसेल ती धातूची वस्तू चमकवल्याशिवाय त्याला राहवत नाही. बेल्टचे बक्कल, टोपीचा बिल्ला, बँडवाल्यांचे बिगुल, सगळे आपण चमकवतो. माझ्याही हाताला ही सवय लागली आहे. या सवयीपायी गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या हातून मामाच्या एका वस्तूचे नुकसान झाले. ते निस्तरताना जे पाहिले आणि करून बघितले, ते येथे लिहितो आहे.

आमचे घर चेन्नईत अण्णा नगरला आहे. तिथे १९६८ च्या व्यापारी जत्रेसाठी बांधलेला एक उंच मनोरा आहे. त्याच्या बागेपासून आम्ही चालत दहा मिनिटांवर राहतो. माझा धाकटा मामा मूळचा रत्नागिरीचा, व्यापारी जहाजावर इंजिनियर आहे. जहाजावर जाताना तो जास्तीच्या सामानाची पेटी आमच्याकडे ठेवतो. या वेळी घाईत त्याचा घडीचा चाकूही त्या पेटीतच राहिला. पेटीतली पुस्तके घेण्याची मला परवानगी होती. चाकूला हात लावण्याची नव्हती.

(हा चाकू शाळेत कधी आलेला नाही आणि येणारही नाही. हाऊस मास्टर सरांनी हे वाक्य वाचून निश्चिंत व्हावे.)

चाकू साधासुधा नाही. ख्रिस रीव्ह हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले कारागीर. ते पुढे अमेरिकेत बोइसी या गावी स्थायिक झाले, आणि १९९० च्या सुमारास त्यांनी ‘सेबेंझा’ नावाचा चाकू बनवायला सुरुवात केली. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘काम’. आज त्याची किंमत चारशे डॉलरच्या पुढे आहे. मामाने तो अकरा वर्षांपूर्वी पहिल्या मोठ्या पगारातून घेतला होता. मूठ म्हणजे टायटॅनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये पोलादी पाते. एका पट्टीतच लांब चीर कापून तिची जीभ केलेली असते. पाते उघडले की ही जीभ आतल्या बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाशी जाऊन टेकते. मग पाते आपोआप मिटत नाही. वेगळी स्प्रिंग नाही, वेगळा खटका नाही, मूठ हाच खटका. ही युक्तीही रीव्ह यांचीच.

मुठीचा रंग राखेसारखा, अजिबात चमक नसलेला. तिच्यावर आडव्यातिडव्या पांढरट रेघा होत्या. गोगलगाय भिंतीवरून फिरून गेली की मागे माग राहतो, तशा. असे चाकू वापरणारे लोकही त्यांना गोगलगायीचे मागच म्हणतात, हे मला नंतर कळले. त्या दुपारी मला त्या रेघा म्हणजे ओरखडे वाटले. मामा आल्यावर त्याला नव्यासारखा चाकू दाखवू, असा विचार केला. बाबांच्या खणातला झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेतला, त्यामागून ब्रासो. अर्ध्या तासाने क्लिपच्या बाजूच्या पट्टीवर अंगठ्याएवढा भाग चकचकीत झाला. रेघा गेल्या, पण त्यांच्याबरोबर तो राखी रंगही गेला. चुन्याच्या भिंतीवर तेलाचा डाग पडावा तसे ते दिसत होते. मी जितके घासत गेलो तितका डाग पसरत गेला.

संध्याकाळी बाबांना दाखवले. ते रागावले नाहीत, त्याचे मला जास्त लागले. एवढेच म्हणाले, “मामाला तूच सांगायचं. फोनवर नाही, तो आल्यावर समोर बसून. आणि तोवर बघ, काही करता येतं का.” मामा जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरणार होता.

काही करायचे तर आधी तो राखी रंग म्हणजे काय हे कळायला हवे होते. तो रंग नव्हताच. फील्डक्राफ्टच्या तासाला ‘वस्तू का दिसतात’ हा धडा आपण सगळ्यांनी घोकला आहे. त्यातले एक कारण चकाकी. गुळगुळीत धातूवरून प्रकाश एकाच दिशेने परततो आणि डोळ्यांवर चमकतो. त्याच धातूवर डोळ्यांना न दिसणारे हजारो खड्डे पाडले, तर प्रकाश चहूकडे विखुरतो. यालाच विज्ञानाच्या पुस्तकात अनियमित परावर्तन म्हणतात. धातू तोच, पण तो राखी आणि मंद दिसतो. मी पॉलिश पेपरने खड्ड्यांमधले उंचवटे कापून सपाट केले होते. म्हणजे वर लावून परत आणता येईल असे काही गेलेच नव्हते. खड्डे पुन्हा पाडावे लागणार होते.

बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रकामाचा कारखाना चालवतात. १९६४ साली वसवलेली ही वसाहत अण्णा नगरहून पाडीचा पूल ओलांडला की लागते. त्यांनी त्यांच्याकडे कामातून उरलेल्या टायटॅनियमच्या तीन पट्ट्या मला दिल्या. प्रत्येक पट्टी १० सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड. मिश्रधातू चाकूत असतो तोच, ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. घरच्या काट्यावर एकेक पट्टी ३३ ग्रॅम भरली. तेवढेच पोलाद ५९ ग्रॅम भरले असते. चाकूच्या मुठीला टायटॅनियम का वापरतात याचे अर्धे उत्तर या वजनात आहे. उरलेले अर्धे त्याच्या लवचीकपणात. पोलादाच्या मानाने टायटॅनियम जवळजवळ दुप्पट लवते आणि सोडले की मूळ जागी येते, म्हणून मुठीतूनच जीभ कापता येते. गंमत म्हणजे टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट हे मामाच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे, आणि इकडे तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला मनवलकुरिचीलाही.

त्या गृहस्थांनी मला शेजारच्या ब्लास्टिंगच्या गाळ्यात नेले. तिथे कपाटाएवढी लोखंडी पेटी होती. पुढे काचेची खिडकी, खाली दोन भोके आणि त्यांना आतून जोडलेले कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. हात आत घालायचे, एका हातात वस्तू, दुसऱ्या हातात नळी. पायाने पेडल दाबले की कॉम्प्रेसरची हवा बारीक खडी घेऊन नळीतून सुटते आणि वस्तूवर आदळते.

काम करणारे अण्णा साठीचे होते. (तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि आमचे अण्णा नगर सी. एन. अण्णादुराईंच्या नावाचे. मराठीतला अण्णा इथे बिनबोभाट चालून जातो.) माझे तमिळ कामचलाऊ. हे यंत्र नेमके काय करते असे विचारल्यावर त्यांनी एका हाताची मूठ छिन्नीसारखी धरली, दुसऱ्या हाताने हातोडा मारल्यासारखे केले आणि म्हणाले, “अम्मी कोत्तु.” अम्मी म्हणजे पाटा. पाट्याला टाकी लावणे! आमच्या आजीच्या दारी दर वर्षी टाकीवाली यायची. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसते घसरते. मग ती छिन्नीने पाट्यावर बारीक खाचा पाडायची आणि पाटा पुन्हा वाटण धरायचा. ब्लास्टिंग म्हणजे हेच. फक्त छिन्नीऐवजी एका वेळी लाखो कण टाकी लावतात. ब्रासोने मी मामाचा पाटा गुळगुळीत करून ठेवला होता.

आता तुलनेकडे येतो.

पहिल्या पट्टीवर काचेच्या मण्यांचा मारा केला. हे मणी साखरेच्या कणांहून बारीक आणि पूर्ण गोल असतात. ते धातू कापत नाहीत, ठोकून दाबतात. भिंगाखाली पाहिले तर वाटीसारखे उथळ खड्डे दिसतात. पट्टी चांदीसारखी उजळ, पण चमक रेशमी. बोट फिरवले तर मऊ लागते.

दुसरीवर ॲल्युमिनियम ऑक्साइड मारले. मराठीत याचा नैसर्गिक दगड म्हणजे कुरुंद. तमिळमध्येही कुरुंदम, आणि इंग्रजीतला कोरंडम हा शब्द तमिळ-तेलुगूवरूनच गेलेला आहे. याचे कण धारदार कोपऱ्यांचे. ते ठोकत नाहीत, ओरबाडतात. ही पट्टी गडद राखी, पाटीसारखी झाली. नख ओढले तर करकर आवाज येतो आणि अंगावर काटा येतो.

तिसरीवर आधी कुरुंद मारला आणि मग ती सिरॅमिकच्या खड्यांबरोबर थरथरणाऱ्या टबात तीन तास फिरू दिली. याला स्टोनवॉश म्हणतात. उंचवट्यांची टोके झिजतात आणि सगळीकडे बारीक, दिशाहीन खरचटे उमटतात. रंग मध्यम, नदीतल्या गोट्यासारखा.

या कामाला ‘सँडब्लास्टिंग’ म्हणतात खरे, पण वाळू आता चांगल्या ठिकाणी वापरत नाहीत. वाळू आदळून फुटते, तिची धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. ब्रिटनने १९४९ सालच्या नियमांनी या कामात वाळू वापरणे बंद केले. अण्णांनी तरुणपणी वाळूनेच काम केले होते. बोलताना ते मधेच थांबून खोकत. कारण मी विचारले नाही.

घरी आल्यावर पहिली चाचणी पकडीची. जुन्या बुटाची चामड्याची जीभ फळीवर ठोकली, ओली केली, तिच्यावर पट्टी ठेवून फळी एका टोकाने उचलत गेलो. पट्टी ज्या कोनात घसरेल तो कोनमापकाने बघायचा. चामडे कमीजास्त भिजले की कोन बदलत होता, म्हणून आकडे देत नाही. क्रम मात्र एकदाही बदलला नाही. काचेच्या मण्यांची पट्टी सर्वांत आधी घसरे, कुरुंदाची सर्वांत शेवटी, स्टोनवॉशची मध्ये. माझा चकचकीत डाग असलेला भाग चामड्यावर टेकेल असा ठेवून पाहायची हिंमत झाली नाही. पण ओल्या अंगठ्यालाच तो कळत होता. इंजिनरूममध्ये तेलकट, घामट हाताने मामा हा चाकू धरतो हे मला तेव्हा आठवले.

दुसरी चाचणी किल्ल्या आणि नाण्यांची. हिचा निकाल मला अजून बोचतो. तिन्ही पट्ट्यांवर घराची पितळी किल्ली आणि दोन रुपयांचे नाणे ओढले. काचेच्या मण्यांच्या पट्टीवर फिकट रेघ, कुरुंदाच्या पट्टीवर ठसठशीत रेघ, हुबेहूब मामाच्या चाकूवर होती तशी. स्टोनवॉशवर रेघ शोधावी लागली. कपड्याच्या दुकानात आई ज्याला मळखाऊ रंग म्हणते, तसा हा मळखाऊ पृष्ठभाग. आधीच इतके खरचटे असतात की नवा त्यांच्यात मिसळून जातो.

मग भिंगाखाली रेघ नीट पाहिली. कुरुंदाच्या पट्टीवरची किल्लीची रेघ पिवळसर होती. टायटॅनियम पिवळे कुठून होणार? ते पितळ होते. हा मिश्रधातू पितळापेक्षाही कठीण आणि नाण्याच्या पोलादापेक्षाही कठीण. खरखरीत टायटॅनियम कानशीसारखे काम करते आणि किल्लीचाच थोडा धातू खरवडून स्वतःवर ठेवते. गुळगुळीत काचेवर पेन्सिल उठत नाही, कागदावर उठते, त्यातलाच प्रकार. आणि पेन्सिलची रेघ कशाने जाते? मी कंपासपेटीतले साधे खोडरबर काढले आणि चार-पाच वेळा घासले. रेघ गेली.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग चाकूची दुसरी, न बिघडवलेली पट्टी घेतली आणि तिच्यावरच्या एकाच छोट्या रेघेवर खोडरबर फिरवले. तीही गेली. ज्या रेघा घालवण्यासाठी मी पॉलिश पेपर उचलला होता त्यांतल्या निदान काही पाच रुपयांच्या खोडरबराने गेल्या असत्या. बाकीच्या रेघांना मग हात लावला नाही. त्या मामाच्या होत्या.

घामाच्या आणि तेलाच्या डागांबद्दल थोडक्यात सांगतो. खड्ड्यांत तेल भरले की प्रकाश कमी विखुरतो आणि काळपट बोटे उमटतात. कुरुंदावर सर्वांत जास्त. भांड्याच्या साबणाने आणि जुन्या दातघाशीने ती निघतात. काही चाकूंच्या मुठी विजेने रंगवतात. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतोच, विजेने तो जाड केला की जाडीप्रमाणे कांस्य, निळा, जांभळा असे रंग दिसतात. खरखरीत पृष्ठभागावर हे रंग मंद उठतात. मला त्यात विशेष रस वाटला नाही.

आता चौथी गोष्ट, जी मी ठरवून केलीच नव्हती. पट्ट्या आठवडाभर बाल्कनीत होत्या. चेन्नईची मेमधली हवा म्हणजे ओले फडके. एके सकाळी पाहतो तर कुरुंदाच्या पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके! गंज. टायटॅनियम गंजत नाही, समुद्राच्या पाण्यातही नाही, म्हणून तर ते जहाजांत वापरतात. मी बाबांना म्हणालो, पट्टी नकली आहे. बाबा म्हणाले, वजन बरोबर भरलं होतं ना? ते भरले होते.

उत्तर पुन्हा अंबत्तूरला जाऊन मिळाले. त्याच पेटीत, त्याच कुरुंदाने, त्या दिवशी सकाळी लोखंडी कड्यांचा गंज काढला होता. खडी पेटीत खाली पडते आणि पुन्हा तीच वापरली जाते. त्यात मिसळलेले लोखंडाचे कण माझ्या पट्टीत रुतून बसले. गंजत होते ते लोखंड, टायटॅनियम नव्हे. लिंबूसत्व घातलेल्या गरम पाण्यात पट्टी रात्रभर ठेवली तेव्हा बरेचसे ठिपके गेले. पण मी चाकूची पट्टी थेट त्या पेटीत घातली असती तर जहाजावर, खाऱ्या हवेत, मामाच्या मुठीला गंज फुटला असता, आणि तो कुणामुळे हे कोणाला कळलेही नसते. आधी तुकड्यावर करून बघावे हे मला सुचले नव्हते, बाबांनी भाग पाडले होते.

दुसरा गाळा शोधायला चार दिवस गेले. तिथे स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमसाठी वेगळी पेटी होती आणि तिच्यात लोखंड कधीच जात नसे. चाकू खोलणे अवघड नव्हते. मालकाने स्वतः खोलून साफ करावा अशीच त्याची रचना आहे. क्लिप काढल्यावर तिच्याखाली अकरा वर्षांत न घासलेला मूळ पृष्ठभाग सापडला. तो माझ्या पट्ट्यांशी ताडून पाहिला. रंग कुरुंदाच्या जवळचा, हाताला मात्र काचेच्या मण्यांसारखा. म्हणून ठरवले, आधी बारीक कुरुंद कमी दाबाने, वरून काचेचे मणी.

सर्वांत जास्त वेळ झाकण्यात गेला. खटक्याच्या जिभेचे टोक पात्याला जिथे टेकते, ती जागा केसभरही बदलून चालत नाही. बदलली तर पाते हलू लागते किंवा खटका धरत नाही, आणि तो हात कापणारा चाकू होतो. पात्याच्या बाजूच्या चकत्या ज्या आतल्या भागावर फिरतात तोही गुळगुळीतच राहायला हवा. म्हणून आतली संपूर्ण बाजू आणि जिभेचे टोक जाड रबरी टेपच्या तीन थरांनी झाकले, भोकांत रबराचे बोळे घातले. नळीखाली काम जेमतेम दोन मिनिटांचे. टेप काढला तेव्हा डाग नव्हता. पण पट्टी दुसरीपेक्षा एक छटा उजळ होती. दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या की ते दिसत होते. दुसरीही करून टाकू का, असे कारागिराने विचारले. मी नको म्हणालो.

आता मला कुणी विचारले की रोज वापरायच्या चाकूला कोणते फिनिश चांगले, तर मी स्टोनवॉश म्हणेन. पकड पुरेशी आणि मळखाऊ. नुसता कुरुंद दिसायला रुबाबदार आहे, पण तो प्रत्येक किल्लीचा हिशोब ठेवतो. काचेचे मणी हाताला सुखद, पण ओल्या हाताला थोडे अविश्वासू. सेबेंझाच्या साध्या प्रकारात पाते स्टोनवॉश असते आणि मूठ ब्लास्ट केलेली. उलट का नाही केले, याचा मी अजून विचार करतो आहे.

मामा चार जूनला आला. जेवण झाल्यावर चाकू त्याच्यापुढे ठेवला आणि ब्रासोपासून सगळे सांगितले. तो मधे बोलला नाही. पाते पाच-सहा वेळा उघडले, मिटले, खटका अंगठ्याने दाबून पाहिला. मग डोळे मिटून मूठ दोन्ही बाजूंनी चाचपली.

“ही बाजू नवीन,” तो म्हणाला. “दुसरी का नाही केलीस?”

“तिच्यावर तुझ्या रेघा होत्या.”

“खोडरबराने जातात म्हणालास ना?”

“काही जातात. घालवू?”

त्याने उत्तर दिले नाही. चाकू खिशात टाकला, त्याच खिशात घराच्या किल्ल्या टाकल्या आणि आईबरोबर भाजी आणायला गेला. परत आल्यावर भाजीची पिशवी उघडायला त्याने तो बाहेर काढला, तेव्हा उजळ बाजूवर क्लिपच्या खाली पहिली पिवळसर रेघ उमटलेली होती.